वजनाचं इंजेक्शन घेताना

सांगलीतल्या एका शाळेत मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. वय 46, उंची 156 सेंटिमीटर आणि 2025च्या जूनमध्ये वजन 88 किलो. थायरॉइडची गोळी कित्येक वर्षं चालू, साखर काठावर, आणि दुसऱ्या मजल्यावर तास असला की गुडघे आधी कुरकुरतात, मग मी. वजन उतरवायला काय केलं नाही ते विचारा. रात्रीचं जेवण सातच्या आत, मग रात्रीचं जेवणच नाही, मग दिवसातून दोनदाच जेवायचं, मग गहू बंद, मग पहाटे उठून चालायला जायचं. दरवेळी पाच-सहा किलो उतरायचे आणि पुढच्या दिवाळीपर्यंत सव्याज परत यायचे. घरात यावर एकच निदान होतं, "तोंडावर ताबा नाही." सासूबाई हे मायेने म्हणायच्या, नणंद जरा कमी मायेने, आणि मी स्वतःला म्हणायचे तेव्हा तर काहीच माया नसायची.

2025च्या मार्चमध्ये टिर्झेपटाइड हे वजन उतरवणारं इंजेक्शन मौंजारो या नावाने भारतात विक्रीला आलं. जूनमध्ये सेमाग्लुटाइड आलं, वेगोव्ही नावाने. शाळा उघडली तेव्हा स्टाफरूममध्ये बदल्या आणि वेतनश्रेणी सोडून पहिल्यांदाच तिसरा विषय चालला होता. कुणाच्या तरी पुण्याच्या वहिनीचं वजन 'झरझर' उतरलं होतं, कुणाच्या ओळखीतला माणूस उलट्या करून ॲडमिट झाला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात, हे नंतर कळलं.

माझा वजनाच्या औषधांचा पूर्वानुभव मात्र बरा नव्हता. काही वर्षांपूर्वी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ऑर्लिस्टॅटच्या कॅप्सूल लिहून दिल्या होत्या. हे औषध चरबी पचवणाऱ्या लायपेज या एन्झाइमला अडवतं, त्यामुळे जेवणातली साधारण 30 टक्के चरबी अंगी लागत नाही, शौचावाटे निघून जाते. विज्ञानाच्या बाईला हे वाचून फार आवडलं. मग एका लग्नात मसालेभातावर तुपाची धार घेतली आणि दुसऱ्या दिवशी फिकट पिवळी साडी नेसून शाळेत गेले. वाटावं गॅस, आणि निघावं तेल. पुढचं लिहीत नाही. त्या महिन्यात मी कॅप्सूलला घाबरून तेलकट खाणं टाळलं आणि थोडं वजन उतरलं. डॉक्टर म्हणाले, "बघा, औषध लागू पडलं." लागू पडली होती ती धास्ती.

आमच्या ह्यांचा विरोध वेगळ्या कारणाने होता. सिब्युट्रामिन नावाच्या गोळीचं प्रकरण त्यांना पक्कं आठवत होतं. भूक मारणारी गोळी म्हणून ती आपल्याकडेही खपायची. हृदयविकार असलेल्या लोकांमध्ये तिच्यामुळे हार्ट ॲटॅक आणि पक्षाघात वाढतात असं मोठ्या चाचणीत दिसलं, 2010मध्ये अमेरिका-युरोपातून ती गेली आणि 2011मध्ये भारताने बंदी घातली. त्याआधी रिमोनाबंटचं तेच झालं होतं, तिथे नैराश्य आणि आत्महत्येचे विचार. "याचंही दहा वर्षांनी असंच काहीतरी निघणार," हे म्हणाले. शंका रास्त होती. मी ती डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांत सगळ्यात वर लिहिली.

मिरज आमच्यापासून दहा किलोमीटरवर आणि मिरजेला दवाखान्यांची वाण नाही. एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टर, माझ्याहून वयाने लहान निघाल्या. त्यांनी टेप घेऊन कंबर मोजली. भारतीय बाईची कंबर 80 सेंटिमीटरच्या आत हवी, माझी शंभराच्या पुढे. मान वाकवायला सांगून मागची काळपट, मखमली वळकटी बघितली. ती मी आजवर दगडाने घासत आले होते. ती मळाची नसून शरीर इन्शुलिनला दाद देत नसल्याची खूण असते. मग त्यांनी विचारलं, "सुरू केलंत तर किती दिवस घ्यायची तयारी आहे?"

"तीन-चार महिने," मी म्हटलं. दिवाळीपर्यंतचा हिशोब होता.

"मग नका सुरू करू, मॅडम."

पुढचा अर्धा तास त्या याच मुद्द्यावर बोलल्या. ब्लडप्रेशरची गोळी प्रेशर नॉर्मल आलं म्हणून कुणी बंद करत नाही, कारण ते गोळीमुळे नॉर्मल आलेलं असतं. वजनाचंही तसंच, फक्त ते लोकांना पटत नाही. टिर्झेपटाइडच्या एका चाचणीत सगळ्यांना आधी 36 आठवडे औषध दिलं, सरासरी 21 टक्के वजन उतरलं. मग निम्म्यांचं औषध त्यांना कळू न देता बंद केलं. वर्षभरात त्यांचं वजन 14 टक्क्यांनी परत वाढलं, तर ज्यांचं चालू होतं त्यांचं आणखी साडेपाच टक्के उतरलं. सेमाग्लुटाइड बंद केलेल्यांनीही वर्षात घटलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत कमावलं. "ही माणसं आळशी नव्हती," डॉक्टर म्हणाल्या. "वजन उतरलं की शरीर भूक वाढवतं आणि खर्च कमी करतं. त्याला वाटतं दुष्काळ पडलाय."

माझ्या त्या सगळ्या सव्याज परतफेडींचा खुलासा इतक्या साध्या वाक्यात कुणी केला नव्हता. मला तिथेच रडू आलं, ते सोडा.

ह्यांच्या प्रश्नावर त्यांनी सरळ उत्तर दिलं. या कुळातलं पहिलं औषध, एक्झेनाटाइड, मधुमेहासाठी 2005पासून वापरात आहे. म्हणजे कुळ नवं नाही, वजनासाठीचे मोठे डोस नवे आहेत. सिब्युट्रामिन जिथे आपटलं त्याच परीक्षेला सेमाग्लुटाइडला बसवलं गेलं. हृदयविकार आणि जास्त वजन असलेल्या, पण मधुमेह नसलेल्या 17 हजारांवर लोकांत त्याने हार्ट ॲटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण 20 टक्क्यांनी कमी केलं. हा निकाल 2023चा. "पण तो सेमाग्लुटाइडचा आहे, टिर्झेपटाइडच्या नावावर खपवू नका," हेही त्याच श्वासात. असा डॉक्टर मला आवडतो.

त्या एक्झेनाटाइडची कुळकथा मी नंतर दहावीच्या पोरांनाही सांगितली. अमेरिकेच्या वाळवंटात गिला मॉन्स्टर नावाची एक विषारी, जाडजूड शेपटीची सरपटणारी जात आहे, आपल्या घोरपडीची लांबची नातलग. वर्षातून मोजकीच जेवणं करते. तिच्या लाळेत एक रेणू सापडला, आपल्या आतड्यात जेवणानंतर तयार होणाऱ्या जीएलपी-1 या हार्मोनशी मिळताजुळता. आपलं स्वतःचं जीएलपी-1 रक्तात मिनिट-दोन मिनिटंच टिकतं, एक एन्झाइम लगेच त्याचा फडशा पाडतं. लाळेतला रेणू मात्र तासन्‌तास टिकत होता. पुढचं सगळं काम हे टिकणं वाढवण्याचं. टिर्झेपटाइड निम्मं व्हायला सुमारे पाच दिवस लागतात, सेमाग्लुटाइड निम्मं व्हायला सात. म्हणून इंजेक्शन आठवड्यातून एकदाच. हे औषध जेवणानंतर इन्शुलिन वाढवतं, जठर रिकामं व्हायचा वेग मंदावतं आणि मेंदूतल्या भुकेच्या केंद्राला 'पोचलं' असं कळवतं. टिर्झेपटाइड जीआयपी या दुसऱ्या हार्मोनचंही काम करतं. चरबी जाळणारं वगैरे त्यात काही नाही. कुणी तसं सांगून विकत असेल तर तो एक तर अडाणी आहे किंवा विक्रेता.

कुणाला द्यायचं याची चौकट ठरलेली आहे: बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 30 किंवा त्याहून जास्त, किंवा 27 वा त्याहून जास्त असून सोबत मधुमेह, ब्लडप्रेशर यांसारखं काही. माझा 36 होता. भारतीयांमध्ये 25च्या वरच लठ्ठपणा धरतात कारण आपली चरबी पोटावर आणि यकृतावर आधी बसते, पण औषधाची मान्यता 27-30 या रेषेवरच आहे.

मग नकाराचे प्रश्न. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कॅन्सर? उंदरांमध्ये या औषधाने थायरॉइडच्या गाठी झाल्या होत्या, म्हणून अशा घरातल्यांना देत नाहीत. मी घाबरून म्हटलं, मला थायरॉइड आहे की! त्याचा याच्याशी संबंध नाही, त्या हसून म्हणाल्या. स्वादुपिंडाला कधी सूज आली होती? पित्ताचे खडे? नैराश्य? दिवस राहण्याची शक्यता? वजन उतरलं की बंद पडलेली पाळी सुरळीत होते आणि नको असताना दिवस राहतात. शिवाय टिर्झेपटाइड सुरू करताना आणि प्रत्येक डोस वाढवल्यावर चार आठवडे गर्भनिरोधक गोळीवर विसंबता येत नाही. मला हे लागू नव्हतं, पण पीसीओडी असलेल्या भाचीसाठी मी लिहून घेतलं.

तपासण्या झाल्या. एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा सरासरी अंदाज, 6.1; मधुमेहाच्या उंबरठ्यावर. सोनोग्राफीत यकृतावर दुसऱ्या ग्रेडची चरबी, खडे नाहीत. किडनी ठीक. पावती बघून हे म्हणाले, "वजन उतरायच्या आधी खिसा उतरला."

जुलैत टिर्झेपटाइडने सुरुवात केली. तेव्हा औषध कुपीत मिळायचं: 2.5 मिलिग्रॅमची कुपी 3,500 रुपयांना, 5ची 4,375ला. आठवड्याला एक. म्हणजे पहिल्या महिन्याला 14 हजार, पुढे साडेसतरा. पहिले चार आठवडे 2.5, हा डोस वजनासाठी नसतोच, पोटाला सवय लागावी म्हणून असतो. त्यानंतर 5, आणि गरज वाटली तर दरवेळी किमान चार आठवडे थांबून अडीच-अडीचने वर, जास्तीत जास्त 15पर्यंत.

माझा दिवस शनिवार, सकाळची शाळा सुटल्यावर. म्हणजे काही झालंच तर रविवार घरी. फ्रिजमध्ये दुधाच्या पिशवीमागे, थंडी जास्त लागून गोठणार नाही अशा जागी ठेवलेली कुपी काढायची. ती इतकी लहान की तळहातावर हरवते. त्यात अर्धा मिलिलिटर पाण्यासारखं औषध. वरची झाकणी उडवून रबरावर स्पिरिटचा बोळा फिरवायचा. इन्शुलिनच्या सिरिंजमध्ये आधी हवा ओढून ती कुपीत सोडायची, मग कुपी उलटी धरून 50च्या रेघेपर्यंत औषध ओढायचं. बुडबुडा आला की सिरिंजला टिचकी. पोटाची चिमटी धरायची, बेंबीपासून दोन बोटं सोडून. मला पोटावर जागा शोधावी लागली नाही. सुई केसासारखी बारीक, डास चावला तर जास्त कळतं. तरी पहिल्या वेळी सिरिंज हातात धरून मी इतका वेळ उभी होते की सासूबाई दारातून म्हणाल्या, "अगं, टोच की एकदाचं! मी पंधरा वर्षं टोचतेय." त्या इन्शुलिनवर आहेत. आमच्या घरात माझी शिकवणी त्यांनी घेतली. पुढे पेन आलं, त्यात चार डोस असतात, सुई तेवढी दरवेळी नवी लावायची. चौथ्या डोसनंतर पेनात थोडं औषध उरलेलं दिसतं. ते काढून घ्यायचं नसतं, कितीही जीव तुटला तरी.

पहिल्या आठवड्यात काहीच झालं नाही. दुसऱ्यात एक गोष्ट झाली, ती सांगायला सोपी नाही.

मला वाटायचं, खाण्याचा विचार सगळ्यांच्याच डोक्यात चालू असतो. फळ्यावर आवर्तसारणी काढताना मागे चाललेलं असायचं: डब्यात काय आहे, मधल्या सुट्टीत काय उघडेल, चहाबरोबर खारी आहे का, जाताना भडंग घ्यायचं का, घेतलं तर घरी पोचेपर्यंत उरेल का, नाही घेतलं तर मी किती शहाणी. पोट भरलेलं असलं तरी चालायचं. त्या दिवशी सहावा तास संपला आणि लक्षात आलं की दुपारपासून मी जेवणाबद्दल काहीही ठरवलेलं नाही. नकार दिला असंही नाही. प्रश्नच आला नव्हता. स्टाफरूममध्ये कुणाच्या तरी मुलीच्या पेढ्यांचा बॉक्स उघडा होता. मी एक घेतला, अर्धा खाल्ला आणि उरलेला कागदात गुंडाळून ठेवला. माझ्याकडून अर्धा पेढा! शेजारच्या बाईंना मी विचारलं, "तुमच्या डोक्यात खाण्याचं चालू असतं का हो दिवसभर?" त्या म्हणाल्या, "नाही बाई, भूक लागली की लागते." त्या बारीक आहेत. आयुष्यभर मी त्यांच्या संयमाचं कौतुक करत आले, आणि त्यांना संयम करावाच लागत नव्हता.

आता त्रासाचं. 5 मिलिग्रॅमवर गेल्यावर रविवारी सकाळी मळमळ, डोहाळ्यांच्या पहिल्या महिन्यासारखी. जठर हळू रिकामं होतं हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि रात्री नऊला खाल्लेल्या भज्यांची ढेकर सकाळी सहाला येणं वेगळं. उपाय साधे निघाले: थोडं खायचं, पोट भरल्याची पहिली सूचना आली की ताट सरकवायचं, तळलेलं इंजेक्शनच्या आसपास नको. खरा छळ बद्धकोष्ठाचा. इसबगोल, पाणी, पपई, आणि तरीही. त्याबद्दल लोक बोलत नाहीत, मळमळीचंच बोलतात. उलट्या-जुलाब फार झाले आणि पाणी कमी पडलं तर किडनीवर येतं, म्हणून ऑक्टोबरच्या उन्हात मी तहान नसतानाही बाटली संपवत होते. तहानही कमी लागते, हे कुणी सांगितलं नव्हतं.

एका रात्री वरच्या पोटात दुखायला लागलं, पाठीपर्यंत. स्वादुपिंडाची सूज हा या औषधांचा दुर्मिळ पण गंभीर धोका. पोटातलं न थांबणारं दुखणं पाठीत गेलं तर सकाळची वाट बघायची नाही, हे डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं. ह्यांनी गाडी काढली. रक्तातलं लायपेज नॉर्मल आलं, सोनोग्राफी ठीक, ॲसिडिटी निघाली. सासूबाईंनी तिच्यावर घरी ओवा दिला असता. तरी परत तसं दुखलं तर मी परत जाईन.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळायला लागले. वजन भरभर उतरलं की गळतात, पुढे थांबतात. थांबले. पण त्या काळात चेहराही उतरला होता, आणि ज्यांनी आयुष्यभर 'जरा कमी कर गं' म्हटलं त्याच बायका हळदीकुंकवाला कानाशी येऊन विचारायला लागल्या, "बरं नाहीये का?" एकीने तर वाण देताना हात धरून "काही लागलं तर सांग" म्हटलं. माणसांना नक्की काय हवं असतं?

डॉक्टरांचा सगळा रोख मात्र प्रथिनांवर. उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात, साधारण पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त. भूकच कमी म्हटल्यावर जे खाऊ त्यात प्रथिनं आधी. मला दिवसाला 70 ग्रॅमचं लक्ष्य दिलं. आमचं घर शाकाहारी, अंडंही नाही. वाटीभर शिजलेल्या वरणातून सहा-सात ग्रॅम मिळतात. मग 70साठी वरणात पोहावं लागेल. 100 ग्रॅम पनीर 18 ग्रॅम, मोडाची मटकी, ताक, सोयाबीनचे चंक्स, भाकरीच्या पिठात सोयाबीनचं पीठ. ताटातला क्रम बदलला: आधी उसळ, मग भाजी, शेवटी जागा असेल तर भाकरी. आणि रबरी पट्टे बांधून व्यायाम. नुसत्या चालण्याने स्नायू राखले जात नाहीत, हे मला शिकवायला माझ्याच आठवीच्या पुस्तकापुढचं ज्ञान लागलं.

आग्रहाचं काय करायचं हा प्रश्न कुठल्याच चाचणीत नसतो. गणपतीत उकडीचे मोदक मी दोन खाल्ले आणि मनापासून खाल्ले. तिसरा नको झाला. पण तुळशीच्या लग्नानंतर लग्नं सुरू झाली आणि पंगतीत वाढपी जिलबीची परात घेऊन समोर. "घ्या हो बाई, एकाने काय होतंय!" पूर्वी एकाने खरंच काही व्हायचं नाही, कारण मागून चार यायच्या. आता एकानेही होतं. इंजेक्शन घेतेय असं सांगितलं तर अर्धी पंगत सल्ला देणार, म्हणून मी पित्त झाल्याचं सांगते. लपवण्यासारखं काही नाही हे मला पटतं, पण जिलबीची परात हे ते पटवून द्यायचं ठिकाण नाही.

नणंदेने मात्र विचारलंच, "वहिनी, तुझ्या पेनातलं एक मला देशील? बघते जमतंय का." तिला मधुमेह आहे आणि ती ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेते. त्या गोळीवर हे इंजेक्शन घेतलं आणि गोळीचा डोस कमी केला नाही तर साखर धाडकन खाली जाऊ शकते. पेन सुई बदलूनही दुसऱ्याला द्यायचं नसतं. मी तिला मिरजेचा नंबर दिला. ती गेली, तिची औषधं बदलून डॉक्टरांनी तिलाही सुरू केलं. मधुमेह असलेल्यांचं वजन जरा कमी उतरतं हे तिला आधीच सांगितलंय, नाहीतर दर रविवारी फोनवर माझ्याशी तुलना झाली असती. होतेच म्हणा.

याच दरम्यान व्हॉट्सॲपवर 'स्लिमिंग इंजेक्शन, निम्म्या भावात, घरपोच' असा निरोप फिरत आला. बिल नाही, चिठ्ठी नको, बर्फाच्या पिशवीत पाठवतो म्हणे. बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने 2024मध्येच इशारा दिला होता. फ्रिजच्या 2 ते 8 अंशांत राहायला हवं ते औषध कुणाच्या डिकीतून फिरत आलंय हे कसं कळणार? मी आमच्या मेडिकलवाल्याकडूनच घेते, बिलावर बॅच नंबर बघून. तो दरवेळी पेन देताना एक सुस्कारा टाकतो; बहुतेक माझ्या वतीने.

पैशाचं सांगायलाच हवं. मेडिक्लेम दवाखान्यात ॲडमिट झालं तरच, त्यामुळे सगळं पदरचं. सप्टेंबरात औषधांवरचा जीएसटी 12वरून 5 टक्के झाला तेवढाच हात लागला. 5वर वजन अडकलं म्हणून डिसेंबरात 7.5 सुरू केलं आणि महिन्याचा खर्च वीस हजारांच्या पुढे गेला. आम्हा दोघांचे पगार आहेत, मुलगा नोकरीला लागलाय, म्हणून जमतं. शाळेतल्या शिपाईमावशींचं वजन माझ्याहून जास्त आहे, साखरही. त्यांना मी काय सांगू? 2026च्या मार्चमध्ये सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट संपणार, मग भारतीय कंपन्यांची औषधं येतील, भाव पडतील, असं डॉक्टर म्हणाल्या. मावशींना मी तेवढंच सांगितलंय, आणि तोवर साखरेच्या गोळ्या चुकवू नका म्हणून.

हे लिहिताना, 2026च्या फेब्रुवारीत, वजन 77 आहे, एचबीए1सी 5.6. जाहिरातीतल्यासारखं 'झरझर' नाही. चाचणीतले आकडे 72 आठवड्यांचे होते, 5 मिलिग्रॅमवर सरासरी 15 टक्के आणि 15 मिलिग्रॅमवर 21, आणि सोबत आहार आणि व्यायामही होता. मी सात महिन्यांत साडेबारावर आहे. दुसऱ्या मजल्यावर मधे न थांबता जाते. मानेवरची वळकटी फिकी झालीय. थायरॉइडच्या गोळीचा डोसही कमी करावा लागला, वजन उतरलं की तीही कमी लागते.

पुढच्या भेटीला विचारायचे प्रश्न लिहून ठेवलेत. वजन स्थिर झालं की कमी डोसवर राहता येईल का? मार्चनंतर स्वस्त सेमाग्लुटाइडवर जायचं झालं तर किती डोसपासून सुरू करायचं? गुडघ्याचं ऑपरेशन कधी करावं लागलंच तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगायचं हे माहीत आहे, पण किती आधी?

मागच्या भेटीला हेही सोबत आले होते. विरोध कधीच मावळला होता. आता स्वतःसाठी चौकशी होती. डॉक्टरांनी त्यांना काट्यावर उभं केलं, बीएमआय 26 भरला, बाकी सगळं नॉर्मल. इंजेक्शन नाही म्हणाल्या. संध्याकाळचं भडंग बंद आणि रोज पाऊण तास चालणं. "म्हणजे तुला औषध आणि मला शिक्षा," असं गाडीत मिरजेपासून सांगलीपर्यंत चाललं होतं. सध्या आमराईत फेऱ्या मारतो दोघं. भडंगाचा निकाल अजून लागायचाय.